काडतुसांचा चामडी पट्टा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली मापे मुख्यतः १२ बोअरच्या २५ घरांच्या कमरपट्ट्याची आहेत. आपल्याकडे बँकेच्या दारातल्या सुरक्षारक्षकाच्या कमरेला दिसतो तो हाच. रिव्हॉल्व्हरच्या पट्ट्यांची मापे पुढे वेगळी दिली आहेत. काडतूस ज्यात बसते त्या चामड्याच्या कडीला इथे ‘घर’ म्हटले आहे आणि ही घरे ज्या लांब पट्टीतून घडतात तिला ‘वादी’.

पट्टा करायला कोणते चामडे घ्यावे?

झाडाच्या सालीवर किंवा फळांवर कमावलेले, म्हणजे व्हेजिटेबल टॅन. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले म्हशीचे चामडे या कामाला उत्तम. कोल्हापुरी चपलेचे चामडेही याच पद्धतीने तयार होते, त्यामुळे कोल्हापूरच्या बाजूला ते मिळवणे अवघड नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी असल्याने इथले जाड चामडे प्रामुख्याने म्हशीचेच असते. त्याचा दाणा गायीच्या चामड्यापेक्षा भरड दिसतो, पण ते दणकट असते.

क्रोम चामडे, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले, पट्ट्याला चालेल, घरांना मात्र वापरू नका. ओले करून दिलेला आकार ते धरून ठेवत नाही. काडतूस आठवडाभर राहिले की घर ताणले जाते आणि परत आवळत नाही.

जुन्या शिकारी पट्ट्याची हुबेहूब प्रत करायची म्हणून सांबराचे कातडे शोधत फिरू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचा व्यवहार बंद आहे.

जाडी किती असावी, आणि कातड्याच्या कोणत्या भागातून कापावे?

बाहेरचा पट्टा ३ मिमी, अस्तर १.५ मिमी, १२ बोअरच्या घरांची वादी १.८ मिमी. रिव्हॉल्व्हरच्या घरांना १.४ ते १.६ मिमी पुरे.

वादी नेहमी पाठीच्या भागातून, कण्याला समांतर कापा. पोटाकडचे चामडे सैल आणि स्पंजासारखे असते. त्याची घरे पहिल्या दिवशी अगदी छान दिसतात आणि दोन महिन्यांत ढिली पडतात. ओळखायचे कसे? ३० सेंमीची पट्टी कापून दोन्ही हातांनी जोरात ओढा. ती १ सेंमीपेक्षा जास्त लांबली तर वादीसाठी घेऊ नका, अस्तराला वापरा.

एकूण चामडे किती लागेल?

३६ इंची कमरेच्या पट्ट्याला अस्तर धरून सुमारे २.२ चौरस फूट. पण हिशेब क्षेत्रफळाचा नसून लांबीचा आहे. १.१४ मीटर लांबीचा पट्टा आणि १.४५ मीटर लांबीची वादी सलग निघाली पाहिजे. म्हणून तुकडे विकत घेऊ नका. वादी दोन तुकड्यांत करावीच लागली तर दोन्ही टोके शेवटच्या १२ मिमी लांबीत रापीने (चामडे तासायच्या पात्याने) तासून पातळ करा, एकावर एक चढवा आणि हा जोड शिवणीच्या रेघेखालीच येऊ द्या. घराच्या कमानीवर जोड आला तर तिथे काडतूस अडते आणि जोड उकलतो.

पट्ट्याची लांबी कशी काढायची?

ज्या कपड्यांवर पट्टा बांधायचा त्या कपड्यांवरून, जिथे तो बसणार त्याच उंचीवर माप घ्या. पँटच्या मापावर जाऊ नका, फरक दोन-तीन इंचांचा निघतो. मोजलेले माप म्हणजे बकलाच्या पिनेपासून मधल्या भोकापर्यंतचे अंतर. त्यात बकलाभोवतीच्या दुमडीचे ७० मिमी आणि मधल्या भोकापुढच्या शेपटीचे १५० मिमी मिळवा. ३६ इंच म्हणजे ९१५ मिमी, तेव्हा कापायचे ११३५ मिमी. भोके पाच, २५ मिमी अंतराने.

रुंदी ६५ मिमी. दोन्ही टोकांना ती उतरत्या कडांनी ३८ मिमीवर आणा, म्हणजे दीड इंची बक्कल बसते. बक्कल भरीव पितळेचे किंवा स्टेनलेसचे घ्या. मुलामा दिलेले लोखंडी बक्कल घामाने गंजते आणि त्याच्याभोवतीचे चामडे काळे पडते.

२५ घरे कुठून कुठपर्यंत बसवायची?

एका घराला पट्ट्यावर २६ मिमी जागा लागते, म्हणजे २५ घरांना ६५० मिमी. ३६ इंची कमरेत २६५ मिमी मोकळे उरतात. ते सगळे पुढे बकलापाशी सोडायची पद्धत दिसते. आमचा सल्ला वेगळा आहे. पाठीच्या कण्यावर १०० मिमी जागा मोकळी ठेवा, एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला १३ घरे घ्या, आणि बकलाच्या दोन्ही अंगांना सुमारे ८० मिमी सोडा. रक्षकाला दिवसभर खुर्चीत बसायचे असते. पाठीत रुतणारी चार काडतुसे आठ तास सोसणे हा छळ आहे, शिवाय खुर्चीच्या पाठीला घासून तीच घरे आधी फाटतात.

भरलेले १२ बोअरचे काडतूस साधारण ४५ ते ५० ग्रॅमचे असते. २५ काडतुसे म्हणजे सव्वा किलोच्या आसपास वजन कमरेवर येते. अस्तराशिवायचा पट्टा एवढ्या वजनाने वरच्या कडेला बाहेर कलतो आणि हळूहळू दोरीसारखा पिळवटतो. म्हणून अस्तर हवेच.

एका घराला वादी किती लागते? सगळ्यांचे इथेच चुकते.

चुकते, कारण परिघाचा अर्धा भाग धरला जातो. काडतूस पट्ट्यावर टेकलेले असते. वादी त्याच्या माथ्यावरून जाते, दोन्ही अंगांनी तिरकी खाली उतरते आणि मग शिवणीला पोचते. त्यामुळे ती व्यासाच्या दीडपट नाही, पावणेतीन पटीच्या आसपास लागते. वादीची स्वतःची जाडीही त्यात मोजावी लागते.

१२ बोअर: काडतुसाच्या नळीचा व्यास सुमारे २०.४ मिमी, वादी १.८ मिमी जाड. शिवणीपासून शिवणीपर्यंत पट्ट्यावर २६ मिमी, वादीवर ५६ मिमी.

.४५ कोल्ट (रिव्हॉल्व्हरचे काडतूस): व्यास १२.२ मिमी, वादी १.६ मिमी. पट्ट्यावर १७ मिमी, वादीवर ३४ मिमी.

.३२ लाँग (हेही रिव्हॉल्व्हरचे): व्यास ८.६ मिमी, वादी १.४ मिमी. पट्ट्यावर १३ मिमी, वादीवर २५ मिमी.

ही मापे हिशेबाने काढलेली आहेत. चामडे दर खेपेला थोडे वेगळे वागते, म्हणून अख्खी वादी आखण्याआधी त्याच चामड्याच्या तुकड्यावर तीन घरे शिवून, भिजवून, वाळवून पाहा. हा एक दिवस वाचवू नका. २५ घरांत प्रत्येकी १ मिमीची चूक म्हणजे शेवटी वादी २५ मिमी कमी पडते किंवा उरते, आणि तोवर २० घरे शिवून झालेली असतात.

घर थोडे सैल राहिले तर काय बिघडते? काडतुसाला मागे कड असतेच ना?

त्या कडेवर भरवसा ठेवू नका. १२ बोअरची नळी २०.४ मिमी आणि कड सुमारे २२.५ मिमी, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम एक-एक मिलिमीटर आधार. .४५ कोल्टची कड १३ मिमी, तिथे आधार अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. चामडे जरा ताणले की कडेसकट काडतूस खाली निसटते. काडतुसाला धरून ठेवतो तो चामड्याचा चिकटून बसणारा विळखा. कड फक्त ते किती खोल जाईल ते ठरवते.

कसोटी सोपी आहे. घरात डमी काडतूस घाला, पट्टा उलटा धरून झटका. ते पडता कामा नये. मग दोन बोटांनी ओढा, पट्टा दुसऱ्या हाताने न धरता ते निघाले पाहिजे.

वादी किती रुंद, आणि पट्ट्यावर कुठे?

१२ बोअरसाठी ३५ मिमी रुंद, पट्ट्याच्या वरच्या कडेपासून १२ मिमी खाली. भरलेले काडतूस सुमारे ५८ मिमी लांब असते. पितळी बूड वर ठेवून घातले की कड वादीच्या वरच्या काठावर टेकते आणि खालचे टोक पट्ट्याच्या खालच्या कडेबाहेर चार-पाच मिलिमीटर डोकावते. ते मुद्दाम आहे. खालून बोटाने ढकलले की काडतूस वर सरकते आणि घाईतही हाती येते. खालून बंद घरे दिसायला नेटकी वाटतात, पण त्यांच्यात माती, घाम आणि पावसाचे पाणी साचते.

वरचे १२ मिमी मोकळे चामडे पितळी कडेला सदऱ्यात अडकू देत नाही.

कामाचा क्रम काय?

आधी वादी आणि पट्टा कापा. वादीच्या दोन्ही कडांची धार मारा, रंग द्या आणि लाकडी घोटणीने पाणी लावून घोटून घ्या. घरे शिवल्यावर त्या कडांपर्यंत हत्यार पोचत नाही, म्हणून हे आधीच उरका.

पट्ट्यावर २६-२६ मिमीवर २७ रेघा आखा, पाठीमागची मोकळी जागा सोडून (१२ घरांना १३, १३ घरांना १४). वादीच्या मागच्या बाजूला ५६-५६ मिमीवर रेघा, आणि दोन्ही टोकांना २५ मिमी जास्त. रेघ पेनाने नको, बोथट टोच्याने ओढा. शाई ओल्या चामड्यातून वर येते. पाठीवरच्या मोकळ्या जागेत वादी कापून दोन भाग करा किंवा सपाट शिवून पुढे न्या. सपाट नेली तर वादीची लांबी १०० मिमीने वाढवा.

प्रत्येक रेघेवर ५ मिमी अंतराने सहा भोके पाडा. वादीच्या रुंदीत दोन्ही काठांपासून ५ मिमी सुटतात. वादीला आणि पट्ट्याला वेगवेगळी भोके पाडली तर ती जुळतात. दोन्ही एकत्र धरून आरी मारली तर आधीचे घर आड येते आणि आरी तिरकी जाते.

शिवण दोन सुयांची, ०.८ ते १ मिमीच्या मेणाच्या दोऱ्याने. प्रत्येक रेघेला वेगळा ४० सेंमी दोरा घ्या, सगळा मिळून ११ मीटर. एकच लांब दोरा २७ रेघांतून ओढत नेऊ नका. एक टाका तुटला तरी शेजारचे घर शाबूत राहिले पाहिजे. सर्वांत जास्त ओढ वरच्या टाक्यावर येते, तिथे दोरा दोनदा फिरवा आणि शेवटी दोन टाके उलटे घ्या.

घरे शिवून झाली की मगच अस्तर. पाठीमागच्या सगळ्या गाठी आणि टाके त्याखाली झाकले जातात. अस्तर आधी लावून घरे शिवली तर टाके आतून उघडे राहतात आणि कपड्याला घासून वर्षभरात झिजतात.

अस्तराला आतून सुरकुत्या का पडतात?

कारण ते सपाट टेबलावर चिकटवले. वळलेल्या पट्ट्यात आतला थर बाहेरच्या थरापेक्षा आखूड लागतो. ३ मिमी पट्टा आणि १.५ मिमी अस्तर असेल तर पूर्ण वेढ्यात हा फरक सुमारे १४ मिमीचा आहे. पट्टा एखाद्या बादलीभोवती किंवा मांडीवर वळवून धरा आणि अस्तर त्या वळणातच चिकटवत न्या. शेवटी जास्तीचे टोक कापून टाका. मग दोन्ही कडांवरून ४ मिमी आत सलग शिवण.

घरांना आकार कसा द्यायचा? साचा कशाचा?

विजेच्या वायरिंगचा २० मिमीचा पीव्हीसी पाइप. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, त्याचे ६०-६० मिमीचे २५ तुकडे करा आणि कडा पॉलिश कागदाने घासा. खऱ्या नळीपेक्षा तो किंचित बारीक आहे, म्हणूनच वाळलेले घर काडतुसाला विळखा घालते. .४५ साठी १२ मिमीची लाकडी काठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, .३२ साठी ८ मिमीच्या काठीवर टेप गुंडाळून साडेआठ मिमी करा.

वादी शिवून झाल्यावर, अस्तराआधी, घरांवर कोमट पाणी स्पंजाने मुरवा. रंग गडद झाला आणि बोटाने दाबल्यावर वळ राहिला की पुरे. गरम पाणी अजिबात नको, सालीवर कमावलेले चामडे त्याने आखडते आणि ठिसूळ होते. तुकडे घाला, दोन घरांमधली शिवणीची दरी हाडाच्या किंवा लाकडी पट्टीने दाबून ठसठशीत करा. दोन तासांनी प्रत्येक तुकडा एकदा फिरवा. मग सावलीत ४८ तास. पावसाळ्यात पंख्याखाली तीन-चार दिवस धरा. उन्हात ठेवलेली घरे वरून कडक आणि आतून ओली राहतात. अशा वेळी साचा काढला की ती बसतात.

ओल्या चामड्याला लोखंड लावू नका. चामड्यातल्या टॅनिनची लोखंडाशी क्रिया होऊन काळेनिळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. गंजक्या रापीचा थेंबही पुरतो.

साचा म्हणून खरी काडतुसे वापरली तर?

नाही. ओल्या चामड्यात दोन दिवस ठेवलेले काडतूस विश्वासाचे राहत नाही. दुसरे म्हणजे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे काडतुसे जवळ बाळगायलाही परवाना लागतो. गिऱ्हाइकाकडे तो असला तरी कारागिराकडे नसतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली काडतुसे असोत वा परदेशी, मापासाठी ठेवून घेऊ नका. गिऱ्हाइकाला तयार पट्टा त्याच्या हाताने भरून पाहू द्या. नुसता पट्टा शिवायला परवाना लागत नाही.

शिवण्याऐवजी वादी चिरांमधून ओवली तर?

चालते, आणि अमेरिकेच्या पश्चिमेतल्या जुन्या पट्ट्यांत दोन्ही पद्धती सापडतात. ओवलेल्या वादीचा मोठा फायदा म्हणजे घर सैल झाले की टोक ओढून सगळी ओळ आवळता येते आणि झिजलेली वादी टाके न उसवता बदलता येते. तोटा असा की पट्ट्याला डझनावारी आडव्या चिरा पडतात. प्रत्येक चिरेच्या दोन्ही टोकांना आधी २ मिमीचे गोल भोक पाडा आणि मग ती जोडा, नाहीतर चीर कडेकडे फाटत जाते. पट्टा ३.५ मिमीपेक्षा पातळ नको. १२ बोअरच्या वजनाला आम्ही शिवणच सुचवतो.

पैशांचा पट्टा म्हणतात तो काय प्रकार?

१८८० च्या सुमाराचा अमेरिकन गुराख्यांचा पट्टा. मऊ चामड्याचा पन्हा दुमडून सुमारे ३ इंच रुंदीची पोकळ नळी करायची, एका टोकाला तोंड ठेवून आत नाणी भरायची. घरे फक्त बाहेरच्या पदराला शिवायची आणि ती पदर दुमडण्याआधी, हे विसरले की नळी शिवणींनी बंद होते. बक्कल आणि शेपटी वेगळ्या जाड चामड्याच्या लावतात, कारण मऊ चामड्यात भोके टिकत नाहीत.

काडतुसांचे पितळ हिरवे का पडते?

चामड्यामुळेच. कमावताना मुरलेली आम्ले, त्यात दिलेले तेल आणि चरबी, आणि घामाची ओल यांची पितळेतल्या तांब्याशी क्रिया होते. हिरवट, मेणासारखा थर जमतो. तो काडतुसाला घरात चिकटवून टाकतो आणि पुसल्यावर खाली पितळ खाल्लेले दिसते. कोकणात जून ते सप्टेंबर हे फार झपाट्याने होते. आजच्या १२ बोअर काडतुसांपैकी पुष्कळांचे बूड पितळेचा मुलामा दिलेल्या पोलादाचे असते, त्यावर हिरव्याऐवजी तांबूस गंज येतो.

ही अडचण जुनीच आहे. अमेरिकन सैन्यातल्या अँसन मिल्स या अधिकाऱ्याने १८६७ मध्ये चामडी घरांच्या पट्ट्याचे पेटंट घेतले, आणि पुढे त्यानेच चामडे सोडून घरांसकट एकसंध विणलेला सुती पट्टा आणला. १८७६ च्या सैनिकी पट्ट्यातही पट्टा चामड्याचा असला तरी घरे कापडाचीच होती. चामड्यात सुंदर घर होते, पण ते काडतुसांचे कोठार नाही. पट्टा बांधायच्या वेळी भरा, उतरवला की रिकामा करा, आणि काडतुसे कोरड्या डब्यात कुलपाखाली ठेवा. ज्या काडतुसावर खड्डे पडले आहेत ते वापरायचे नाही.

घरांना तेल लावावे का?

आतून कधीच नाही. तेलाने विळखा सैल पडतो आणि हिरवा थर वाढतो. पट्ट्याच्या बाहेरच्या बाजूला वर्षातून एकदा मेणाचे पातळ पॉलिश पुरे. बुरशी आली तर कोरड्या ब्रशने झाडा, मोकळ्या वाऱ्यात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या पट्ट्याला बुरशी हमखास येते.

घरे सैल झाली. पट्टा टाकून द्यायचा?

एवढ्यात नाही. रिकामा पट्टा घ्या, घरे पुन्हा स्पंजाने ओली करा आणि या वेळी साचा न घालता बोटांनी आवळून वाळू द्या. अर्धवट सुकल्यावर २० मिमीचे तुकडे घाला. चामडे चांगले असेल तर एकदा, फार तर दोनदा हा उपाय लागू पडतो. त्यानंतर वादीच बदलावी लागते. घरात चामड्याचा तुकडा चिकटवून ते अरुंद करू नका, तुकडा सुटून काडतुसाबरोबर बाहेर येतो आणि बंदुकीपर्यंत जाऊ शकतो.

उलट घर फार घट्ट असेल तर घाईने चाकू चालवू नका. २१ मिमीची गुळगुळीत काठी कोरडीच घालून रात्रभर ठेवा.

मशीनवर शिवता येईल का?

पट्ट्याच्या कडा आणि अस्तर, जरूर. घरांच्या रेघांसाठी साध्या मशीनचा पाय दोन घरांच्या दरीत शिरत नाही. चप्पल दुरुस्तीच्या मशीनचा अरुंद पाय शिरतो, पण शिवताना पुढचे घर सपाट ठेवावे लागते आणि दोऱ्याचा ताण वर-खाली सारखा पडला नाही तर खालचा टाका नुसता तरंगत राहतो. मशीनचा एक टाका तुटला की रेघ उसवत जाते. दोन सुयांच्या शिवणीत तसे होत नाही.

खांद्यावरून तिरका घ्यायचा पट्टा याच मापांनी होईल?

घरांची मापे तीच. लांबी मात्र खांद्यावरून विरुद्ध कमरेपर्यंत आणि पाठीमागून परत अशी अंगावर मोजा. खांद्यावर आणि पाठीवर घरे देऊ नका, तिथे हात पोचत नाही आणि बंदुकीचा दस्ता खांद्याला लावताना काडतूस मध्ये येते. छातीवर घरे तिरकी होतात, म्हणून विळखा कमरपट्ट्यापेक्षा थोडा घट्ट हवा. वादी प्रत्येक घराला ५६ ऐवजी ५५ मिमी घ्या.